पाचव्या फेरीची ओळ

समजा, तुम्ही एका मोठ्या हॉलच्या दारात उभे आहात. एरवी इथे बॅडमिंटन खेळतात, म्हणून जमिनीवर पांढऱ्या रेघा आहेत. आज मात्र जाळ्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या आहेत आणि रेघांची काडीचीही पर्वा न करता लांबच लांब टेबलं मांडली आहेत. टेबलांच्या दोन्ही बाजूंना मुलं बसली आहेत आणि प्रत्येकाच्या हातात साठ कार्डांचा गठ्ठा आहे. साठ म्हणजे साठच. ही कार्डं म्हणजे घरी सुट्टीत खेळतो ते राजा-राणी-गुलाम नव्हेत. वर्षभर जमवून, अदलाबदल करून, भावंडांशी भांडून ज्याने त्याने आपला गठ्ठा बनवला आहे. कुणाकडे दगडी कासवं आहेत, कुणाकडे आगीचे पक्षी. आता कान द्या. गोंगाट ऐकू येतोय? नाही ना? शंभर मुलं एकदम कार्डं पिसतात तेव्हा वाळल्या पानांवरून कुणीतरी सावकाश चालत गेल्यासारखा आवाज येतो. बस्स, तेवढाच.

दिसला हॉल? मग तिसऱ्या रांगेत, छताच्या पंख्याखाली बघा. तिथे दोन मुली बसल्या आहेत. अंगाने बारकी, कार्डं काटकोनात रचून ठेवणारी आहे ती अकरा वर्षांची मुंगी. हे नाव तिला काकाने दिलं, कारण ती साखरेचा दाणासुद्धा जागच्या जागी ठेवते. समोर जी एक पाय खुर्चीवर आणि एक जमिनीवर ठेवून डुलते आहे, ती भिंगरी. भिंगरी तेरा वर्षांची, सायकलवाल्याची मुलगी. एका जागी पाच मिनिटं बसली तर हिला ताप आला की काय अशी तिच्या आईला शंका येते. लहान गटात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष.

ही विभागीय स्पर्धा होती, तेविसावी. तिची कथा सांगायची तर बाइंडर आजोबांपासून सुरुवात करावी लागेल. आजोबांनी जन्मभर पुस्तकं बांधली. पहिल्या वर्षी अकरा खेळाडू जमले होते ते त्यांच्याच दुकानामागच्या खोलीत, कागदाच्या रिमांवर फळ्या टाकून. त्या दिवशी आजोबांनी एक जाड वही बांधली, निळ्या कापडाच्या पाठीची, आणि सांगितलं, जो जिंकेल त्याने आपलं पान स्वतःच्या हाताने लिहायचं. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत काय झालं ते. आपली आरती ओवाळायची नाही, दुसऱ्याची उणीदुणी काढायची नाही.

दुसऱ्या वर्षी दोन खेळाडू एकाच डावावरून भांडले. दोघेही म्हणत होते, मीच जिंकलो. तेव्हा आजोबांनी एक रीत पाडली. सामना संपला की निकालाची चिठ्ठी हरलेल्याने भरायची आणि जिंकलेल्याने नुसती सही करायची. हरलेला माणूस आपल्या हाताने आपला पराभव लिहितो, त्यावर मग वाद कशाला होईल? तेव्हापासून या रीतीने एकही भांडण झालं नाही. जिंकलेला चिठ्ठीकडे न बघताच सही ठोकायचा. बघायचं काय त्यात?

चिठ्ठीवर दोन नावं छापलेली असायची. डाव्या खुर्चीवाल्याचं डावीकडे, उजव्या खुर्चीवाल्याचं उजवीकडे. पाचव्या फेरीत मुंगीचं नाव डावीकडे होतं. पण डाव्या खुर्चीवर पंख्याचा झोत थेट यायचा, मुंगीची कार्डं फडफडायची आणि मुंगीचा जीव वर-खाली व्हायचा. भिंगरी म्हणाली, ऊठ, मी बसते तिथे, मला वारा आवडतो. त्यांनी जागा बदलल्या.

पहिला डाव मुंगीने जिंकला, दुसरा भिंगरीने. तिसरा बराच चालला आणि अगदी शेवटी भिंगरीने आगीचा पक्षी टाकून तो संपवला. मुंगी हरली. त्याआधीच्या चार फेऱ्यांत ती एकदाच हरली होती. आता दुसरी हार म्हणजे सहा फेऱ्यांनंतर पुढे जाणाऱ्या पहिल्या आठांत जागा मिळणं कठीण. तिच्या डोळ्यांत पाणी तरंगलं. रीतीप्रमाणे तिने चिठ्ठी ओढली, डावीकडच्या चौकटीत दोन लिहिलं, उजवीकडे एक. डावीकडे भिंगरी बसली होती ना! भिंगरीने उभ्याउभ्याच सही केली आणि पाणी प्यायला पळाली.

इथपर्यंत मुंगीची चूक ही नुसती चूक होती. तशी चूक कुणाचीही होते.

पुढच्या फेरीची यादी भिंतीवर लागली. मुंगीने आपलं नाव खालच्या भागात शोधलं, सापडलं नाही. वर बघितलं, तर चार विजय, एक हार. दोरीपलीकडे पालक उभे होते, त्यांच्यात तिचा काका. काका बेकरीची गाडी चालवतो. बारा वर्षांपूर्वी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो हरला होता, आणि लोक जिंकलेलं सांगत नाहीत इतक्या वेळा त्याने ते हरलेलं सांगितलं होतं. त्यानेही यादी वाचली होती. त्याने दोन्ही अंगठे वर केले.

तेवढ्यात भिंगरी पंचबाईंना हाताला धरूनच घेऊन आली. पंचबाई त्या वर्षी नव्याने आल्या होत्या, दुसऱ्या विभागातून. तिकडे चिठ्ठी जिंकणारा भरायचा. भिंगरी एका दमात बोलत होती की सामना तिने जिंकला आहे आणि यादीत उलटं आलं आहे. पंचबाईंनी चिठ्ठी काढून बघितली.

"ही सही तुझी?"

"माझीच. पण चिठ्ठी तिने भरलीय, बाई."

"मग ज्याने भरली त्याला ठाऊक असणार." पंचबाई मुंगीकडे वळल्या. नियम असा होता की दोघींनी चूक आहे म्हटलं तरच निकाल बदलायचा. त्यांनी सरळ, साध्या आवाजात विचारलं, "चिठ्ठी बरोबर आहे ना गं?"

मुलांनो, 'नाही' हा शब्द केवढासा. पण मुंगीला दोरीपलीकडचे ते दोन अंगठे दिसत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. तिचं डुलणं थांबलं. मग ती आपल्या टेबलाकडे गेली. आजोबा असते तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. चिठ्ठीतलं अक्षर मुंगीचं, म्हणजे हरली मुंगी. पण आजोबा हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून मोठ्या गटाच्या चिठ्ठ्या कापत होते.

सहावी फेरी दोघींनी जिंकली. मुंगी पहिल्या आठांत गेली. भिंगरी नववी आली. पुढचे तीन सामने मुंगी अशी खेळली की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. अंतिम सामना जिंकून ती लहान गटाची विजेती झाली. ते तिन्ही विजय अगदी खरे होते, आणि तेच तिला जास्त लागत होतं. खऱ्याखुऱ्या तीन मजल्यांच्या खाली पायाच चोरीचा.

आजोबांनी तिच्या गळ्यात पदक घातलं आणि निळी वही तिच्या हातात दिली. येत्या शनिवारपर्यंत पान लिहून आण, मग वही मोठ्या गटाच्या विजेत्याला द्यायची आहे, म्हणाले. सोबत तिच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून दिल्या, तारखा-आकडे चुकू नयेत म्हणून. ते दरवर्षी तशा देत. देताना त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं का? मुंगीला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरी तर नुसती धमाल. काकाने बेकरीत, पेट्रोलपंपावर, एवढंच काय, रस्त्यात गाडी थांबवून ट्रॅफिक हवालदारालासुद्धा सांगितलं. आईने शेजारणींना बोलावलं. बाबा फारसे बोलत नाहीत, पण त्यांनीही ऑफिसला जाताना पदक एकदा हातात घेऊन वजन बघितलं. कुणी कौतुक केलं की मुंगी खाली बघायची. लोक म्हणायचे, पोर किती नम्र आहे बघा. मग तिला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रागावलेल्या माणसासमोर मान खाली घालता येते हो. शाबासकी देणाऱ्यासमोर घातली तर त्याचीही शाबासकी मिळते.

सोमवारी तिने वही उघडली. आधी दुसऱ्यांची पानं वाचली. पहिल्या वर्षीचा विजेता न्हावी होता. त्याने फक्त सात ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी, "मधल्या सुट्टीत दोघांचे केस कापले," असं. सहाव्या वर्षी अंतिम सामन्याच्या मध्यावर वीज गेली, तेव्हा हरलेल्या सगळ्यांनी भोवती उभं राहून विजेऱ्या धरल्या होत्या. नवव्या वर्षी एका कॉलेजातल्या मुलीने लिहिलं होतं, "दुसऱ्या फेरीत मी सपशेल हरले. का हरले ते अजून कळलेलं नाही." एक वर्ष साथीमुळे स्पर्धाच झाली नव्हती, ते पान आजोबांनी कोरं सोडलं होतं, फक्त वर वर्ष घातलं होतं. पंधराव्या वर्षापासून नावं छापलेल्या चिठ्ठ्या आल्या. बावीस वर्षांत कार्डं बदलली, नियम बदलले, अकरा खेळाडूंचे तीनशे झाले. पण प्रत्येक लिहिलेल्या पानावर एकदा तरी कुणीतरी "हरलो" किंवा "हरले" असं लिहिलेलंच होतं. जिंकलेल्यांच्या वहीत केवढे पराभव होते!

मुंगीने पहिल्या चार फेऱ्या सुबक अक्षरात लिहिल्या. पाचवीपाशी पेन अडलं. तिने दोऱ्याखालून पाचवी चिठ्ठी काढली. डावीकडे तिचं नाव, त्याखाली तिच्या हाताचा दोन. तिचा दोन नेहमी बदकासारखा असतो, लांब मानेचा. हे बदक पाण्यात बुडवलं तरी तिचंच म्हणून ओळखू आलं असतं.

मंगळवारी तिने एक युक्ती केली. लिहिलं: "पाचवी फेरी भिंगरीशी. निकाल दोन-एक." त्यात खोटं काही नव्हतं. दोन-एकच लागला होता. कुणाचे दोन आणि कुणाचा एक, हे कुणी विचारलं होतं? काकाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "वा! बढाई नाही, काही नाही. खेळाडूने असं लिहावं." मुंगीला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, दृष्ट लागली असेल. काका म्हणाला, पदकाच्या वजनाने मान अवघडली असेल.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर काकाने तिला सायकलवाल्याकडे पाठवलं, त्याच्या सायकलची दुरुस्त झालेली चेन आणायला. मुंगी शंभर बहाणे शोधत गेली. भिंगरी दुकानात नसावी अशी मनात प्रार्थना करत होती. भिंगरी दुकानातच होती. उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक हाताने फिरवत होती, पण ते थांबलं तरी तिचं लक्ष नव्हतं. तिचे वडील आत एका चाकाच्या तारा आवळत होते.

मुंगीला वाटलं, आता ही फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. भिंगरीने चेन कागदात गुंडाळून दिली आणि हळूच म्हणाली, "त्या दिवशी पंचबाईंना घेऊन आले ना मी, त्याचा राग नको मानूस. तुझ्यावर उगाच आळ घेतल्यासारखं झालं."

मुंगी पुडक्याच्या कागदाचे कोपरे सरळ करत राहिली.

भिंगरी सांगत राहिली. घरी सगळे म्हणतात, तुझं धड कशातच लक्ष नसतं, तूच काहीतरी घोळ घातला असशील. बाबा म्हणाले, सही करताना वाचायला काय झालं होतं. आणि आता तिलाही वाटायला लागलं होतं की दुसरा डाव आणि तिसरा डाव तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळले असतील. रात्रंदिवस ती तोच डाव आठवत होती आणि जितका आठवावा तितका तो विरघळत होता.

"तुझं डोकं जाग्यावर असतं," भिंगरी म्हणाली. "खरं सांग, तिसरा डाव मी जिंकले होते का गं? का मला उगाच तसं वाटतंय?"

मुंगीला इतके दिवस वाटत होतं, आपण भिंगरीची जागा घेतली. आठांतली एक जागा. आता तिला कळलं की आपण त्याहून मोठं काहीतरी उचललं आहे. भिंगरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आता तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं.

आणि तरीही मुंगी काय म्हणाली माहीत आहे? "मला नीट आठवत नाही." आणि चेन घेऊन निघाली. वाटेत तिने एकदाही वर पाहिलं नाही. दुकानांच्या पायऱ्या, गटाराची झाकणं, लोकांच्या चपला एवढंच तिला दिसत होतं. पंचबाईंसमोरचा 'बरोबर आहे' घाईत निसटला, असं ती आजवर स्वतःला समजावत होती. आजच्या वाक्याला कुठली घाई होती?

काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून सायकलच्या चाकाला तेल देत होता. मुंगीने चेन त्याच्या पुढ्यात ठेवली.

"काका, पाचव्या फेरीत मी हरले होते. चिठ्ठी उलटी भरली गेली. नंतर बाईंनी विचारलं तेव्हा मी बरोबर आहे म्हटलं."

काका म्हणजे बोलघेवडा माणूस. शिंक आली तरी तिच्यावर एक गोष्ट सांगेल. आज मात्र त्याने तेलाच्या डबीला झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. तो कुणाकुणाला सांगून आला होता ते सगळे एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून जात असावेत. त्याचं तोंड उतरलं, आणि ते उतरताना बघणं मुंगीला सगळ्यात जड गेलं. तो रागावेल याची तिने तयारी केली होती. त्याला तिच्यामुळे लाज वाटेल, ही तयारी कशी करणार?

"मी अंगठे वर केले होते," तो म्हणाला. "तेव्हाच का?"

मुंगीने मान हलवली.

काकाने फडक्याला हात पुसले. "पदक, वही, सगळं जाईल हं कदाचित. आजोबा काय म्हणतील मला नाही सांगता येत." मग विचारलं, "सोबत येऊ?"

"नको," मुंगी म्हणाली.

ती वर गेली, दप्तरातली पुस्तकं बाहेर काढली, निळी वही आत घातली, आपला साठ कार्डांचा गठ्ठा घेतला आणि परत सायकलवाल्याच्या दुकानाकडे निघाली. या वेळी ती पळत गेली, कारण चालत गेलो तर आपण मधेच वळू हे तिला ठाऊक होतं.

भिंगरीचे वडील अजून तारा आवळत होते. मुंगीने बाकावरचे पाने आणि नट बाजूला सारले आणि आपली कार्डं मांडायला सुरुवात केली. भिंगरी कमरेवर हात ठेवून बघत होती. मुंगीने दगडी कासव ठेवलं, त्याच्या मागे दोन पहारेकरी, शेजारी संपत आलेला गठ्ठा. मग म्हणाली, "तुझीही कार्डं आण. तिसरा डाव आहे. शेवटच्या तीन पाळ्या मला एकूणएक आठवतायत."

भिंगरीने कार्डं आणली. मुंगी सांगत गेली आणि भिंगरी ठेवत गेली: आधी तू हे टाकलंस, मी कासव पुढे केलं, तू थांबलीस, वर पंख्याकडे बघितलंस. भिंगरीचा पाय पुन्हा डुलायला लागला. "हो," ती पुटपुटली, "हो, वारा येत होता." मग मुंगीने काही सांगायच्या आतच तिने हातातलं एक कार्ड ओढून काढलं आणि बाकावर ठेवलं. आगीचा पक्षी.

आतला पान्याचा आवाज थांबला.

"मग कासव गेलं," मुंगी म्हणाली, आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुढे बोलली, "डाव तू जिंकलीस. सामनाही तूच जिंकलीस. बाईंसमोर मी खोटं बोलले, आणि मघाशी पुन्हा बोलले."

भिंगरीचं बोट अजून कार्डावरच होतं. ती त्या पक्ष्याकडे बघत होती. तिचे वडील दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस मुंगीला झालं नाही.

तिने दप्तरातून वही काढली, बाकावर उघडली आणि मंगळवारच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलेलं वाचता यावं अशी. मग तिच्या खाली, तेल लागलेल्या बाकावर हात टेकवून, ती लिहू लागली: "पाचवी फेरी भिंगरीशी. मी हरले. त्यानंतर जे झालं ते असं."